मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पाहा हवेचा प्रवाह

हवा दिसत नाही, मग ती कशी वाहते हे लहान भावंडांना दाखवायचं कसं? घाटकोपरला आमच्या सोसायटीतल्या मुलांसोबत मी हा प्रयोग करतो. लागतं काय? अगरबत्ती, काळा कागद, टॉर्च आणि तुमचा फोन. अगरबत्ती मोठ्यांनीच पेटवायची, पडद्यांपासून लांब.

१. पंखा आणि खिडक्या बंद करा. मागे काळा कागद लावा, बाजूने टॉर्च मारा आणि धुराचा स्लो मोशन व्हिडिओ काढा. धूर आधी सरळ रेषेत चढतो. तो लॅमिनार प्रवाह. वर गेल्यावर भोवरे होतात, तो टर्ब्युलंट. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतल्या पाण्यात रंग सोडून हाच फरक दाखवला होता.

२. आता एक खिडकी उघडा, धूर पाहा. मग समोरचं दारही उघडा. धूर बहुतेक वेळा एका दिशेला पळू लागतो, कारण हवेला आत यायला वाट लागते तशी बाहेर जायलाही लागते.

म्हणूनच छोट्या खोलीत स्वयंपाकाचा धूर कोंडला, तर एकच खिडकी उघडून भागत नाही. मुलांना हे सांगू नका, व्हिडिओ दाखवून विचारा: धूर कुठून बाहेर गेला?