तापानंतरचं पोट आणि एरंडेलाची बाटली

गेल्या पावसाळ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. नातवाचा घसा बिघडला होता, डॉक्टरांनी सात दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या होत्या. घसा बरा झाला, ताप गेला, पण पोट बिघडलं. दिवसातून चार-पाच वेळा पातळ होत होतं, जेवणावरची वासनाही उडाली होती. लेक म्हणाली, "बाबा, मोबाइलवर आलंय की अनशापोटी चमचाभर नारळाचं तेल द्या. कुणी म्हणतं तूप द्या, कुणी म्हणतं एकदा एरंडेल देऊन पोट साफ करा. यातलं कोणतं देऊ?"

मी डॉक्टर नाही, बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. तेव्हा डॉक्टरांनाच विचार, हेच तिला सांगितलं. पण एरंडेलाचं नाव ऐकलं आणि तोंडून एकदम "ते नको!" असं निघालं. इतक्या जोरात, की ती दचकली. त्या नकाराला आमच्या घरातला एक इतिहास आहे.

आमचं गाव खामगाव तालुक्यातलं, घाटाखालचं. १९६७ च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला मुदतीचा ताप आला. मी नऊ वर्षांचा होतो, तो सहाचा. खामगावच्या डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉलच्या कॅप्सूल दिल्या. चौथ्या दिवशी ताप उतरला, तेव्हा गावातली माणसं चमत्कार पाहावा तशी बघायला आली. कारण तोवर मुदतीचा ताप म्हणजे एकवीस दिवसांचं लंघन, आणि बाविसाव्या दिवशी माणूस उठला तर उठला.

या औषधाची कहाणी मोठी मजेची आहे. १९४७ साली व्हेनेझुएलातल्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ते मिळालं. १९४८ मध्ये क्वालालंपूरला अमेरिकन डॉक्टर ते वेगळ्याच तापावर, स्क्रब टायफसवर, करून बघत होते. त्यांतल्या काही रोग्यांना निघाला विषमज्वर, आणि तेही बरे झाले! इकडे आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं. म्हणजे माझ्या वडिलांच्या तरुणपणी जे औषध जगात नव्हतं, ते माझ्या लहानपणी तालुक्याच्या दुकानात मिळू लागलं होतं.

तर भावाचा ताप गेला, पण तोंडात पांढरे चट्टे उठले आणि जुलाब सुरू झाले. शेजारच्या काकू बाटली घेऊन आल्या. म्हणाल्या, "तापाची उष्णता पोटात राह्यली. दोन चमचे एरंडेल द्या, सारं निंघून जाईल." आजी चुलीपुढून उठली, तिनं ती बाटली काकूंच्या हातून काढून घेतली आणि म्हणाली, "एकीले घालवली तेवढी पुरे. पोराच्या आतड्याले आता धक्का नको."

ती 'एकी' म्हणजे माझी आत्या. १९४४ साली, मुदतीच्या तापाच्या तिसऱ्या आठवड्यात, पोट साफ व्हावं म्हणून तिला एरंडेल दिलं होतं. रात्री पोट फुगलं, असह्य दुखलं, दुसऱ्या दिवशी ती गेली. एरंडेल कुणी दिलं, हे घरात कधी बोललं गेलं नाही. आजीनंच दिलं होतं, हे मला वडिलांनी आजी गेल्यावर सांगितलं.

विषमज्वरात लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जखमा होतात आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात त्या फुटण्याचा धोका असतो. त्यात एरंडेल म्हणजे आतड्याला चाबूक. ते कसं काम करतं, हे २०१२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं. एरंडेलापासून सुटणारं रिसिनोलेइक आम्ल आतड्याच्या स्नायूंतल्या एका ठरावीक जागी जाऊन बसतं आणि स्नायू जोरात आवळले जातात. आत्या एरंडेलानंच गेली, असं आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. न देताही अशी माणसं जात. पण आजीला हे कोण समजावणार?

आजीनं भावाला दिल्या ज्वारीच्या कण्या, पातळ ताक, आणि आठ-दहा दिवसांनी भाकरीच्या पापुद्र्यावर चिमूटभर जवसाची चटणी. तेल नाही. मला ते तेव्हा कंजूषपणाचं वाटलं. आज वाटतं, तेल आणि पोट यांच्या इतिहासातली मुख्य गोष्ट त्या ताटात होती.

आपल्या जिल्ह्यातलं जुनं तेल घाण्याचं. तीळ, जवस, करडई, पुढे भुईमूग. बैल गोल फिरायचा, तेल खाली ठिपकायचं, पेंड घरच्या गाईम्हशींना जायची. पण जवस आपण नुसता गाळत नव्हतो, अख्खा भाजून कुटून खातही होतो. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते जलंब ते खामगाव फाटा सुरू झाला, तो कापसासाठी. रेल्वेनं कापसाबरोबर जवसही मुंबई बंदराच्या वाटेला लावला. तिकडे युरोपात त्याचं तेल रंगात, वार्निशात आणि लिनोलियमच्या फरशीत जाई. आपल्या चटणीचं दाणं साहेबाच्या पायाखाली!

कापसाबरोबर जिनात सरकीचे ढीग लागले. सरकीच्या तेलात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, ते शुद्ध केल्याशिवाय खाता येत नाही. शुद्ध केलेलं, म्हणजेच रिफाइंड, तेल जगात रुजायला हे एक मोठं कारण झालं. अमेरिकेत १९११ साली सरकीच्या तेलापासूनच क्रिस्को हे घट्ट केलेलं तूपसदृश तेल आलं. आपल्याकडे १९३७ पासून डालडा आला. त्याच्या पिवळ्या डब्यात आमच्या घरी पुढे तुळस लावली होती. त्या वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा यायला मात्र २०२२ साल उजाडलं. आणि १९८० नंतर आलं सोयाबीन. जिथे ज्वारी, जवस, करडई होती, तिथे आज खरिपात घाटावर आणि घाटाखाली सोयाबीनच दिसतं. त्याचं तेल रसायनात विरघळवून शेवटच्या थेंबापर्यंत काढतात. शेतकऱ्याच्या हाती त्यानं पैसा दिला, हे नाकारून चालणार नाही. पण ताटातून दाणा गेला आणि पिशवीतलं तेल आलं.

याचा पोटाशी संबंध काय? आपण खाल्लेलं तेल, कोणतंही असो, बहुतेक सगळं लहान आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्यात जी जंतूंची वस्ती आहे, तिच्या वाट्याला ते फारसं येत नाही. तिला येतो तो न पचलेला चोथा. त्यापासून ती ब्युटिरिक आम्ल बनवते आणि मोठ्या आतड्याचं अस्तर त्यावर जगतं. तुपातही हे आम्ल थोडं असतं, म्हणून तुपाचे गोडवे गातात. पण तेही वरच्या वरच शोषलं जातं. जवसाच्या दाण्यात साधारण चाळीस टक्के तेल आणि पाव हिस्सा चोथा. रिफाइंड तेलात चोथा शून्य.

अँटिबायोटिक ही वस्तीच उठवतं. २०१८ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी बारा निरोगी तरुणांना चार दिवस तीन जहाल औषधं दिली. दीड महिन्यात वस्ती बरीचशी भरली, पण काही नेहमीचे जंतू सहा महिन्यांनीही परतले नव्हते. त्याच वर्षी इस्रायलमधल्या एका अभ्यासात दिसलं, की औषधानंतर जंतूंच्या कॅप्सूल घेणाऱ्यांची मूळ वस्ती उलट उशिरा परतली. जुलाब अशा कॅप्सूलनं कमी होतात, असंही काही चाचण्यांत आढळलंय. तेव्हा एका वाक्यात निकाल लावणाऱ्यांपासून सावध असलेलं बरं.

आणि नारळाचं तेल? त्या संदेशाला अगदीच आधार नाही असं नाही. वस्ती उठली की रिकाम्या जागेत कँडिडा नावाची बुरशी माजते. भावाच्या तोंडातले चट्टे बहुधा तिचेच. (तिच्यावरचं हमायसिन हे औषध पिंपरीच्याच प्रयोगशाळेत डॉ. तिरुमलाचार यांनी शोधलं, हे आपल्याला माहीत असायला हवं.) २०१५ साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात उंदरांना वेगवेगळे स्निग्ध पदार्थ खाऊ घातले. सोयाबीन तेल आणि गाईची चरबी खाणाऱ्यांपेक्षा नारळाचं तेल खाणाऱ्यांच्या पोटात ही बुरशी बरीच कमी निघाली. पण ते उंदीर होते आणि तेल हा त्यांच्या रोजच्या आहाराचा भाग होता. तेवढ्यावरून सात वर्षांच्या पोराला अनशापोटी चमचा पाजायचा का?

लेकीला मी हे सगळं सांगितलं नाही, ती आधीच काळजीत होती. डॉक्टरांनी तिला पाणी आणि मीठ-साखर जपायला सांगितलं, आणि शौचातून रक्त गेलं किंवा पुन्हा ताप चढला तर लगेच घेऊन या म्हणाले. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू अशा वेळी आतडं सुजवू शकतो, हे १९७८ साली कळलं, त्याची ती खबरदारी. नातू आठवड्याभरात भाकरी मागू लागला.

माझा भाऊ आता चौसष्टीच्या पुढे गेला आहे आणि शेगावला गेला की चार कचोऱ्या खातो. काकूंची ती बाटली आजीनं परत दिली नाही. ती गोठ्यातल्या देवळीत ठेवली, आणि संपेपर्यंत तिच्यातलं तेल बैलगाडीच्या आसाला घातलं.