नाव कोणाच्या मालकीचे?

‘या पानाची झेरॉक्स काढून आण,’ असे आपण विद्यार्थ्याला सहज सांगतो. दुकानातले यंत्र कोणत्या कंपनीचे आहे, याची चौकशी कोणी करीत नाही. झेरॉक्स हे एका अमेरिकन कंपनीचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे, हे त्या वेळी आपल्या मनातही येत नाही. अशा बोलण्याने एखाद्या कंपनीचा नावावरील हक्क जाऊ शकतो का? ॲस्पिरिनचा इतिहास पाहिला, तर उत्तर ‘हो’ असे येते.

१८९७ साली जर्मनीतील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत ॲसिटिल सॅलिसिलिक आम्ल शुद्ध स्वरूपात तयार झाले. संयुग मात्र नवे नव्हते. शार्ल गेरार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५३ सालीच ते अशुद्ध रूपात बनवले होते. त्यामुळे जर्मनीत बायरला त्याचे पेटंट मिळाले नाही. मग कंपनीने निदान नाव तरी आपले करून घेतले. ॲसिटिलमधला ‘ॲ’, सॅलिसिलिक आम्लाच्या जुन्या जर्मन नावातला ‘स्पिर’ आणि औषधांच्या नावाअखेर येणारा ‘इन’ मिळून ‘ॲस्पिरिन’ तयार झाले. मार्च १८९९ मध्ये बर्लिनला त्याची नोंद झाली.

येथे एक फरक लक्षात घ्यावा. पेटंट शोधाचे रक्षण करते आणि त्याला मुदत असते. व्यापारचिन्ह ‘हा माल कोणाचा’ हे सांगते आणि नूतनीकरण करीत गेल्यास ते कितीही वर्षे टिकू शकते.

अमेरिकेत बायरला १९०० साली पेटंट मिळाले आणि ते १९१७ साली संपले. या काळात बायरची भुकटी घेऊन इतर कंपन्याही गोळ्या बनवत. अनेक गोळ्यांवर बायरचे नाव नसे. ग्राहकाला गोळी ठाऊक झाली, बनवणारा नाही. पेटंट संपताच युनायटेड ड्रग कंपनी ‘ॲस्पिरिन’ याच नावाने गोळ्या विकू लागली आणि प्रकरण न्यायालयात गेले.

१९२१ साली न्यायाधीश लर्नेड हँड यांनी एकच प्रश्न विचारला: घेणाऱ्याला या शब्दाचा अर्थ काय वाटतो? डॉक्टर व औषधविक्रेत्यांना रासायनिक नाव माहीत होते. त्यांच्यासाठी ॲस्पिरिन म्हणजे बायरचाच माल. सामान्य ग्राहकाजवळ मात्र त्या औषधाला दुसरे नावच नव्हते. त्यामुळे ग्राहकांपुरता हा शब्द सर्वांना खुला झाला. जर्मनीत आणि कॅनडात तो आजही बायरचे व्यापारचिन्ह आहे.

नव्या वस्तूला दोन नावे लागतात, हा यातला धडा. एक वस्तूचे, सर्वांचे, दुसरे उत्पादकाचे. भारताच्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने ही सीमा स्पष्ट केली आहे. तेराव्या कलमानुसार मूलद्रव्याचे किंवा एकाच रासायनिक संयुगाचे रूढ नाव रासायनिक पदार्थासाठी व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलेल्या औषधांच्या सामाईक नावांनाही हाच नियम आहे. चिन्हाची नोंदणी दहा वर्षांची असते व पुन्हा करता येते.

वर्गात औषधांची रिकामी वेष्टणे आणावीत. प्रत्येकावरील ही दोन नावे विद्यार्थ्यांनी शोधावीत. वर्तुळातले आर हे नोंदणीचे चिन्ह कोणत्या नावाशेजारी आहे, तेही पाहावे. पॅरासिटामॉल या शब्दाशेजारी ते सापडणार नाही. तो शब्द सर्वांचा आहे, म्हणूनच रुग्णाला एका कंपनीऐवजी दुसरीचे तेच औषध मागता येते.