बांकुड्याच्या मातीतून आलेली सुजाता

वैशाखी पौर्णिमेला आपल्या विहारात मुलांची चित्रकला स्पर्धा होते. काही वर्षांपूर्वी विषय होता ‘सुजाताचे खीरदान’. वस्तीतल्या एका मुलीने सुजाता काढली ती थेट आपल्या आजीसारखी. नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर जर्मनचं पातेलं! परीक्षकांत मीही होतो. बुद्धकाळात जर्मनचं पातेलं कुठून आलं, असं म्हणून आम्ही ते चित्र बाजूला काढलं. पोरगी काही बोलली नाही. चित्राची गुंडाळी करून घरी गेली.

पुढे शिल्पकार रामकिंकर बैज यांच्याविषयी वाचनात आलं आणि आपली चूक लक्षात आली. म्हणून हा लेखप्रपंच.

रामकिंकर यांचा जन्म १९०६ साली बंगालमधील बांकुडा येथे झाला. घरची गरिबी, घराण्याचा धंदा हजामतीचा. परंतु या पोराचं लक्ष वस्तऱ्यात नव्हतं. शेजारी मूर्ती घडवणारे कारागीर राहत, त्यांच्याकडे तो तासन् तास बसे. बंगालमधले मूर्तिकार आधी बांबू-गवताचा सांगाडा बांधतात आणि मग त्यावर हाताने माती चढवत जातात. ते पाहत पाहत हाही माती मळू लागला. नाटकांचे पडदे रंगवले, असहकाराच्या चळवळीत पुढाऱ्यांची चित्रं काढली. कुठल्या शाळेत हे शिकला नाही.

त्याच गावचे रामानंद चट्टोपाध्याय हे ‘प्रबासी’ आणि ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या मासिकांचे संपादक. त्यांनी मुलाची चित्रं पाहिली आणि १९२५ साली त्याला शांतिनिकेतनच्या कलाभवनात नेलं. आचार्य नंदलाल बोस यांनी त्याचं काम बघितलं. हे सगळं तर तुला येतंच, मग आलास कशाला, असं म्हणाले आणि वर दोन-तीन वर्षं राहा म्हणाले. ती दोन-तीन वर्षं काही संपली नाहीत. विद्यार्थ्याचा शिक्षक झाला आणि १९८० साली निधन होईपर्यंत शांतिनिकेतन हेच त्याचं घर राहिलं.

आता मुद्द्याची गोष्ट. कलाभवनात आल्यावर या विद्यार्थ्याने बांकुडा मागे टाकला नाही. लहानपणी त्याने संथाळ माणसं पाहिली होती, तीच माणसं शांतिनिकेतनच्या आसपासही होती. त्यांच्या पाड्यांवर जाऊन तो चित्रं काढायचा. १९३८ साली त्याने ‘संथाळ कुटुंब’ उभं केलं. बाप्याच्या खांद्यावर कावड, कावडीत मूल, सोबत बायको आणि कुत्रं. बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेली माणसं, माणसाहून मोठ्या आकारात, भर उघड्यावर! तोवर आपल्याकडे पुतळे उभारले जात ते बहुधा राजे-महाराजांचे आणि लाटसाहेबांचे. ब्राँझला पैसा नव्हता, म्हणून सिमेंटमध्ये तिथलेच तांबड्या मुरमाचे खडे कालवले आणि सळ्यांच्या सांगाड्यावर ते थापत गेला. शेजारच्या कारागिराने गवतावर माती चढवावी, तसंच ते होतं, असं मला वाटतं.

त्याच्या तीन वर्षं आधी, १९३५ साली, त्याने निलगिरीच्या झाडांमध्ये एका मुलीचं उंच, सडपातळ शिल्प केलं होतं. झाडासारखीच सरळ उभी. नंदलालबाबूंनी सुचवलं, हिच्या डोक्यावर खिरीचं भांडं दे. भांडं आलं आणि ती सुजाता झाली. दागदागिने नाहीत, राजवाडी थाट नाही. डोक्यावर ओझं घेऊन जाणारी साधी गावची पोर. आपण कॅलेंडरवर पाहतो ती गोरीपान सुजाता ही नव्हे. आणि सुजाता तरी कोण होती? उरुवेलेच्या खेड्यातलीच ना!

परवा त्या मुलीची आई भेटली. चित्र अजून ट्रंकेत आहे म्हणाली. पोरगी आता कॉलेजात जाते. तिची हरकत नसेल तर यंदाच्या पौर्णिमेला ते चित्र विहाराच्या भिंतीवर लावावं, असं मी कमिटीपुढे मांडलं आहे. विचारायला मात्र मलाच जावं लागेल.