कोंडवाड्याच्या दंडातून रस्ते

आज कोंडवाड्याबद्दल बोलू, म्हणजे खरं तर मेंढपाळ आणि शेतकरी यांच्या भांडणाबद्दल.

आपल्या वसईत पश्चिमेला केळी, पानवेलींच्या वाड्या, त्यांना पक्कं कुंपण. पूर्वेला भात नि गवत. भात कापलं की शेत उघडं. घाटावरून उतरणाऱ्या धनगरांना कोकणातले शेतकरी स्वतःहून बोलवत. रात्री कळप शेतात बसवायचा. लेंडीखत जमिनीला, धान्य किंवा पैसे धनगराला. चक्क करारच, पण तोंडी. भांडणं तेव्हाही व्हायची, कापणी लांबली की हमखास! पण पुढच्या वर्षी दोघांनाही एकमेकांची गरज. त्यामुळे बरीचशी बांधावरच मिटत.

इंग्रजांच्या 1871च्या कायद्याने हा मामला कोंडवाड्यात नेला. शेतात शिरलेलं जनावर तिथे कोंडायचं, मालकाने दंड भरून सोडवायचं, नाहीतर लिलाव. दंड सरकारजमा. शेतकऱ्याला भरपाई हवी तर त्याने वेगळा दावा लावावा. आणि कोंडवाड्याचा खर्च भागून उरलेला पैसा रस्ते, पूल अशा लोकोपयोगी कामांना, हे कायद्यातच लिहिलेलं! दोघांच्या भांडणावर ग्रामविकास. मी कोड लिहून पोट भरतो, पण असलं डिझाइन मला सुचलं नसतं.

1878च्या वन कायद्याने जंगलं राखीव होत गेली. डोंगरावरची चराई आटली की जनावरं शेताकडेच वळणार ना? वनखात्याने गायरानं गिळली ही तक्रार महात्मा फुल्यांनी 1883च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये केली आहे. आणि 1885 साली ठाणे, कुलाबा जिल्ह्यांतली जंगलाची गाऱ्हाणी ऐकायला सरकारने आयोग नेमला. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच.

स्वातंत्र्यानंतरही विकासाच्या यादीत चराई बंदीच्याच रकान्यात. हिवरे बाजारने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली. डोंगर हिरवा झाला, विहिरींना पाणी आलं. हे यश खरंच आहे. गवत कापून न्यायची मुभा असल्याने गावातल्या गाई-म्हशींचं भागलं. पण फिरत्या मेंढपाळाचं काय? तो त्या गावच्या ग्रामसभेत नसतो, मतदार यादीत नसतो. नियम ठरतो तेव्हा तो शंभर मैलांवर मेंढरं हाकत असतो.

वसई-विरारला 2009 साली महापालिका झाली. पूर्वेला आता कित्येक शेतांना कंपाउंड वॉल आहे. मालक मुंबईत, जमीन भाव चढायची वाट बघत पडीक. तिथे कळप बसवायचा तर विचारायचं कुणाला? वॉचमनला.