विद्युत् मोटरगाड्यांचे जलद भारण

विद्युत् घटमालेवर चालणाऱ्या मोटरगाडीची घटमाला वाटेवरील केंद्रात उच्च शक्तीच्या एकदिश प्रवाहाने तासाभराच्या आत बव्हंशी भारित करण्याच्या पद्धतीस जलद भारण म्हणतात. व्यवहारात फास्ट चार्जिंग हेच नाव रूढ आहे. घरगुती जोडणीवरून गाडीला सामान्यतः 3 ते 7 किवॉ. शक्ती मिळते व भारणास रात्र लागते; जलद भारण केंद्रात हीच शक्ती 50 ते 350 किवॉ. असते. विद्युत् गाडीची मजल घटमालेच्या आकारावर जितकी अवलंबून असते, तितकीच ती वाटेत कोठे व किती खात्रीने भारण मिळेल यावरही अवलंबून असते. या वाहनाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास बऱ्याच अंशी या सोयीच्या अभावाचा व ती उभारण्याच्या खटपटीचा आहे.

अमेरिकेत 1900 साली तयार झालेल्या 4,192 मोटरगाड्यांपैकी 1,575 विद्युत् गाड्या होत्या. पेट्रोलच्या गाड्या केवळ 936 होत्या. न्यूयॉर्क शहरात 1897 पासून भाड्याच्या विद्युत् गाड्या धावत असत. त्यांची घटमाला गाडीत ठेवून भारित करण्याऐवजी स्थानकात यांत्रिक साधनांनी उतरवून तिच्या जागी भारित घटमाला बसवीत. ही व्यवस्था कार्यक्षम असली, तरी तिने गाडीला त्या स्थानकाशी जखडून ठेवले. 1902 मध्ये पीटर कूपर ह्यूइट यांनी पाऱ्याच्या बाष्पावर चालणारा एकदिशकारक शोधून काढल्यावर प्रत्यावर्ती प्रवाहाच्या पुरवठ्यावरून घरीच भारण करणे सुलभ झाले; पण शहराची वेस ओलांडली की वीजच नसे. 1930–40 या दशकाच्या मध्यासही अमेरिकेतील शेतघरांपैकी सु. दहा टक्क्यांनाच वीज मिळाली होती. पेट्रोल मात्र डब्यातून कोठेही नेता येई आणि खेड्यातील दुकानदारही ते विकू शके. विद्युत् गाडीच्या पीछेहाटीचे कारण म्हणून 1912 मध्ये कॅडिलॅक गाडीत आलेल्या विद्युत् आरंभकाचा उल्लेख नेहमी केला जातो. त्यामुळे पेट्रोल गाडी हाताने फिरवून सुरू करण्याचा त्रास संपला हे खरे. तथापि गावाबाहेर जाता न येणाऱ्या वाहनाला एवढेच एक कारण पुरेसे मानणे योग्य ठरणार नाही.

1990 मध्ये कॅलिफोर्निया राज्याने प्रदूषणरहित गाड्यांची सक्ती करण्याचा नियम केल्यावर हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. जनरल मोटर्सची 1996 मधील ईव्ही-1 ही गाडी प्रवर्तनाने, म्हणजे धातूचा प्रत्यक्ष स्पर्श न होता भारित होई. इतर काही कंपन्यांनी स्पर्शजोडणी पसंत केली. 2001 मध्ये राज्याच्या वायुमंडळाने स्पर्शजोडणी हे मानक ठरविले आणि प्रवर्तनी यंत्रे निरुपयोगी होत गेली. जोडण्यांच्या या तंट्याची पुढे मोठ्या प्रमाणावर पुनरावृत्ती झाली.

जलद भारणाचे खरे महत्त्व टोकिओ इलेक्ट्रिक पॉवर कंपनीच्या 2007–08 मधील अनुभवातून स्पष्ट झाले. या कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना कामासाठी विद्युत् गाड्या दिल्या होत्या. त्या निम्म्याहून अधिक विद्युत् भार शिल्लक असतानाच परत येत. कर्मचारी दूर जाण्यास धजत नसत. सेवाक्षेत्रात जलद भारण यंत्राची आणखी एक सोय झाल्यावर त्याच गाड्या दूरवर जाऊ लागल्या व घटमाला बरीचशी रिकामी करून परतू लागल्या. घटमाला तीच होती. बदलला होता तो चालकाचा विश्वास. या निष्कर्षात एक आर्थिक पेचही दडलेला होता. वाटेवरील यंत्र प्रत्यक्ष वापरले न गेले, तरी ते तेथे आहे या खात्रीचा लाभ प्रत्येक गाडीमालकास होतो. भाडे मात्र जो वापरील त्याच्याकडूनच मिळते. अशा सोयीचा खर्च कोणी करावयाचा, याची वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळी उत्तरे दिली.

जपानमध्ये 2010 च्या मार्चमध्ये ही वीज कंपनी व निस्सान, मित्सुबिशी, टोयोटा आदी उत्पादक यांनी चाडेमो संघटना स्थापन केली. तिच्या यंत्रांची शक्ती सामान्यतः 50 किवॉ. होती. ‘चहा घेता का?’ अशा अर्थाच्या जपानी वाक्यावर या नावात श्लेष साधलेला आहे. चहा होईतो गाडी तयार व्हावी ही कल्पना.

एस्टोनियाने हा खर्च शासनाच्या माथी घेतला. कार्बन उत्सर्जनाचे हक्क मित्सुबिशी कॉर्पोरेशनला विकून त्या देशाने समाजसेवकांसाठी 507 विद्युत् गाड्या मिळविल्या आणि फेब्रुवारी 2013 पर्यंत 165 जलद भारण यंत्रे उभारली. मुख्य रस्त्यांवर त्यांतील अंतर 40 ते 60 किमी. होते. संपूर्ण देश व्यापणारे हे पहिले जाळे मानले जाते. गाड्या थोड्या असताना आधी जाळे विणण्याचे धाडस उल्लेखनीय होते. पण सर्व यंत्रे चाडेमो पद्धतीची होती. जर्मन व अमेरिकन उत्पादकांनी 2011 पासून सीसीएस ही निराळी जोडणी पुढे आणली होती आणि 2014 मध्ये यूरोपीय संघाने तीच किमान मानक म्हणून स्वीकारली. ज्या देशाने सर्वांत आधी खर्च केला, त्याचीच यंत्रे सर्वांत आधी जुनी ठरली.

टेस्ला कंपनीने 24 सप्टेंबर 2012 रोजी कॅलिफोर्नियात सहा केंद्रे जाहीर केली. येथे खर्च गाडी विकणाऱ्याने उचलला होता व सोय फक्त स्वतःच्या गाड्यांपुरती होती. ही केंद्रे लॉस अँजेल्सहून सॅन फ्रॅन्सिस्को, लेक टाहो व लास व्हेगास यांकडे जाणाऱ्या मार्गांचा विचार करून निवडली होती. प्रत्येक ठिकाणी अनेक यंत्रे बसविण्याचा परिपाठ कंपनीने ठेवला. इतरत्र बहुधा एकच यंत्र असे. ते बंद असले वा दुसऱ्याने अडविले असले, की प्रवास खुंटे. फोक्सवॅगन कंपनीच्या डीझेल गाड्यांच्या उत्सर्जन चाचण्यांतील लबाडी उघड झाल्यावर 2016 च्या तडजोडीनुसार तिने दहा वर्षांत दोन अब्ज डॉलर विद्युत् गाड्यांच्या सोयींसाठी खर्च करावयाचे होते; त्यातून इलेक्ट्रिफाय अमेरिका हे जाळे निर्माण झाले. नॉर्वेत एनोव्हा या शासकीय संस्थेने 2015 पासून मुख्य रस्त्यांवर दर 50 किमी.ला किमान दोन यंत्रे व दोन्ही प्रकारच्या जोडण्या या अटीवर अनुदान दिले. 2024 साली तेथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी सु. 89 टक्के विद्युत् गाड्या होत्या. करसवलतींचा वाटा त्यात मोठा असला, तरी या विरळ वस्तीच्या व थंड देशात वाटेवरील भारणाची सोय नसती, तर त्या सवलती शहरांपुरत्याच उपयोगी पडल्या असत्या.

शक्ती वाढविण्यास भौतिकीच्या मर्यादा आहेत. तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून विद्युत् दाब वाढविणे श्रेयस्कर ठरते. 2019 मध्ये पोर्शे टायकन गाडीत सु. 800 व्होल्ट दाब आला, तर 350 किवॉ. यंत्रांच्या केबली द्रवाने थंड ठेवाव्या लागतात. घटमाला 80 टक्क्यांच्या पुढे भरू लागली की तिच्या सुरक्षिततेसाठी प्रवाह कमी करावा लागतो. त्यामुळे दूरच्या प्रवासात घटमाला पूर्ण भरेपर्यंत न थांबता पुढच्या केंद्रावर पुन्हा थांबणे वेळेच्या दृष्टीने फायद्याचे ठरते. अर्थात पुढचे केंद्र चालू असले तर.

यंत्रांची संख्या व त्यांची उपलब्धता या भिन्न गोष्टी होत. 2022 मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को उपसागराच्या परिसरात टेस्लाखेरीज इतरांच्या सार्वजनिक जाळ्यांतील 657 सीसीएस यंत्रे प्रत्यक्ष तपासण्यात आली, त्यांतील 72.5 टक्केच नीट चालत होती. उरलेल्यांत पडदा बंद, पैसे स्वीकारले न जाणे, तुटलेली जोडणी असे दोष आढळले, सु. 5 टक्के ठिकाणी केबल गाडीपर्यंत पोहोचतच नव्हती. अमेरिकी शासनाने 2023 मध्ये अनुदानित यंत्रे 97 टक्के वेळ चालू असलीच पाहिजेत, अशी अट घातली. यूरोपीय संघाच्या त्याच वर्षीच्या विनियमाने प्रमुख महामार्गांवर दर 60 किमी.ला केंद्र आणि सदस्यत्वाविना पैसे भरण्याची सोय बंधनकारक केली. जोडण्यांचा तंटाही या सुमारास निवळला: टेस्लाने नोव्हेंबर 2022 मध्ये आपली जोडणी इतरांना खुली केली व 2023 मध्ये फोर्ड, जनरल मोटर्स यांनी अमेरिकेसाठी ती पत्करली. गर्दीचा प्रश्न मात्र राहिला. चीनमध्ये जाळे फार मोठे असूनही ऑक्टोबर 2021 च्या राष्ट्रीय सुटीत महामार्गांवरील केंद्रांत गाड्या तासन्‌तास रांगेत खोळंबल्या. वर्षातील थोड्याच दिवसांसाठी यंत्रे वाढविणे कोणालाच परवडत नाही.

भारतात 2001 मध्ये बंगलोरहून आलेली रेवा ही शहरापुरती गाडी होती. 2017 च्या भारतीय मानकातील एकदिश प्रवाहाचे यंत्र 15 किवॉ. क्षमतेचे होते व ते दूर पल्ल्यास अपुरे होते. एप्रिल 2018 मध्ये केंद्रीय विद्युत् मंत्रालयाने भारण ही विजेची विक्री नसून सेवा आहे असा खुलासा केल्याने केंद्र चालविण्यास परवान्याची गरज उरली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमधील मार्गदर्शक तत्त्वांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंस दर 25 किमी.ला केंद्र असावे असे सुचविले गेले. जानेवारी 2020 मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन गाडीने सीसीएस जोडणी स्वीकारली व तीच पुढे प्रचलित झाली. मार्च 2023 मध्ये तीन सार्वजनिक तेल कंपन्यांना 7,432 जलद भारण केंद्रांसाठी 800 कोटी रुपये मंजूर झाले. पेट्रोल विकणाऱ्यांच्याच आवारात ही यंत्रे यावीत, हे जागेच्या दृष्टीने सोयीचे होते.

महाराष्ट्राच्या 2021 च्या धोरणात मुंबई–पुणे, मुंबई–नासिक, नासिक–पुणे व मुंबई–नागपूर या चार मार्गांवर 2025 पर्यंत सोय करण्याचे उद्दिष्ट होते. 2025 च्या धोरणात महामार्गांवर दर 25 किमी.ला केंद्र व काही द्रुतगती मार्गांवर विद्युत् मोटरगाड्यांना पथकरमाफी यांचा समावेश आहे. पुण्यास जाणारी गाडी बोरघाटाची चढण धरूनही वाटेत न थांबता पोहोचू शकते. खरी कसोटी 701 किमी. लांबीच्या समृद्धी महामार्गाची असून, प्रत्यक्षात 300 किमी. जाऊ शकणाऱ्या गाडीस तेथे किमान दोनदा थांबावे लागते. 150 किवॉ.ची चार यंत्रे एकाच वेळी चालविण्यास 600 किवॉ. लागतात, त्यासाठी वस्तीपासून दूरच्या अशा प्रत्येक ठिकाणी उच्च दाबाची वाहिनी व स्वतंत्र रोहित्र न्यावे लागते.