दिवा, रस्ता आणि पूल : तीन इंजिनियर स्त्रिया

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहाच्या तारखा एवढंच आपल्यापुढे येतं. पण घरात लागलेल्या दिव्याला, दवाखान्यापर्यंत गेलेल्या रस्त्याला, नदीवरच्या पुलालाही इतिहास असतो. त्यात बायांचीही नावं आहेत, हे आपल्या वस्तीत फारसं कोणाला ठाऊक नाही. म्हणून या स्मरणिकेत आम्ही तिघींविषयी चार शब्द लिहीत आहोत.

पहिल्या ए. ललिता. जन्म १९१९ सालचा, मद्रासच्या तेलुगू कुटुंबातला. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य आणि पदरात चार महिन्यांची मुलगी. अशा बाईच्या वाट्याला त्या काळी काय यायचं, ते वेगळं सांगायला नको. पण ललितांचे वडील गिंडीच्या इंजिनियरिंग कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्यांना गाठलं, परवानगी मिळवली आणि १९४० साली मुलीला तिथेच दाखल केलं. मग कॉलेजने मुलींसाठी दार उघडलं आणि लीलम्मा जॉर्ज व पी. के. त्रेसिया या दोघी सिव्हिलला आल्या. पदवीच्या कागदावर 'तो' असंच छापलेलं असायचं. ते खोडून 'ती' करावं लागलं. एक शब्द खोडायला किती काळ लागला, बघा!

ललिता शिकत होत्या त्याच काळात, १९४२ पासून, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्याच खात्याकडे होते. पुढे ललितांनी कलकत्त्याच्या एका कंपनीत वीज वाहून नेणाऱ्या लाइनींचे आणि सबस्टेशनचे आराखडे केले. भाक्रा-नांगल धरणाच्या जनित्रांच्या कामातही त्यांचा हात होता.

दुसऱ्या त्रेसिया. नोकरीच्या सुरुवातीला त्या त्रिचूरजवळच्या क्षयरुग्णालयाच्या बांधकामावर होत्या. क्षय काय असतो, ते गिरणगावाला सांगावं लागत नाही. १९७१ साली त्या केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. या पदावर पोचलेल्या देशातल्या त्या पहिल्या स्त्री. डांबरात रबर मिसळून रस्ते करण्याचं काम त्यांनी तिथे पुढे नेलं.

तिसऱ्या आपल्या मुंबईच्या, शकुंतला भगत. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून १९५३ साली त्या सिव्हिल इंजिनियर झाल्या. पुढे त्यांनी पवईच्या आय.आय.टी.त शिकवलं. पूर्वी प्रत्येक पुलाचा आराखडा वेगळा, सुटे भाग वेगळे. शकुंतलाबाई आणि त्यांचे यजमान अनिरुद्ध भगत यांनी एक युक्ती काढली. ठरावीक मापाचे पोलादी भाग कारखान्यात बनवायचे, ट्रकने डोंगरात न्यायचे आणि लागेल तेवढ्या लांबीरुंदीचा पूल तिथेच जोडायचा. सरकारी खाती नव्या पद्धतीला बिचकत होती, तेव्हा दोघांनी स्वतःचा पैसा घातला. १९७२ साली हिमाचलातल्या स्पितीत असा पहिला पूल उभा राहिला, तोही चार महिन्यांत. १९७८ पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत ६९ पूल झाले. पाण्याचा लोंढा आला की ज्या गावाचा दवाखाना तुटतो, शाळा तुटते, त्या गावाला पुलाची किंमत विचारा. त्यावरून जाणारी बाळंतीण काही विचारत नाही की हा कोणी बांधला, पुरुषाने की बाईने.

आम्ही गिरणीत साच्यावर उभं राहून जन्म काढला. वाइंडिंग खात्यातल्या बायांचे हात धाग्याला गाठ मारताना आम्ही पाहिलेत. तुटलेला धागा नजरेला दिसायच्या आत त्यांच्या बोटांना कळायचा. अक्कल त्यांच्याकडे कमी नव्हती. त्यांना कॉलेजचं दार कोणी दाखवलं नाही, एवढंच.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. ललितांचे वडील प्राध्यापक होते. शकुंतलाबाईंचे वडील एस. बी. जोशी हे पूल बांधणारे नामांकित इंजिनियर. घरातच दार ठोठावणारा माणूस होता. आपल्या मुलींचे बाप पाळी करून दमून आले, पुढे गिरण्या बंद पडल्यावर वॉचमन झाले, हमाली करू लागले. त्यांनी कोणत्या प्राचार्याला गाठायचं? फॉर्म कुठे मिळतो हेच ज्याला कळत नाही, त्याच्या मुलीची हुशारी दहावीच्या निकालापाशीच थांबते. आणि नुकसान तिचं एकटीचं होत नाही. तिने न बांधलेल्या पुलाविना जे गाव राहतं, त्याचंही होतं.

म्हणून जिथे असा बाप नाही, तिथे वस्तीनेच बाप झालं पाहिजे. कोणी फॉर्म भरून द्यावा, कोणी पहिल्या वर्षाची पुस्तकं घ्यावीत, कोणी होस्टेलपर्यंत सोबत जावं. विहारात संध्याकाळी दोन तास अभ्यासाला शांत जागा मिळाली, तरी खूप झालं. गिंडीत एका मुलीमागोमाग दोन आल्या. आपल्या चाळीतून एक गेली, की तिच्यामागे किती जातील ते मोजायला आपण तयार राहू या.