घटिकापात्र, लंबक आणि विमान

नाशिकजवळ ओझर येथें 1964 सालीं विमानांचा कारखाना निघाला आणि तेथें सोव्हिएट परवान्यानें मिग-21 जातीचीं विमानें तयार होऊं लागलीं. 2025 च्या सप्टेंबरांत हीं विमानें भारतीय वायुदलांतून निवृत्त झालीं. त्यांच्या वेगाचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे; आमचें लक्ष मात्र वैमानिकासमोरील फलकावरच्या एका लहानशा वस्तूकडे जातें. ती म्हणजे कमानीवर चालणारें घड्याळ. ध्वनीच्या दुप्पट वेगानें जाणाऱ्या यंत्रांत असलें नाजूक घड्याळ कसें टिकलें, याचा उलगडा घड्याळाच्या इतिहासांत होतो.

आमच्या लग्नघरांत गंगाळांतील पाण्यावर घटिकापात्र सोडीत. तळाच्या छिद्रांतून पाणी शिरून तें बुडालें कीं घटका भरली, म्हणजे 24 मिनिटें झालीं. साधन उत्तम, परंतु पाणी निश्चल हवें आणि पहाऱ्यास माणूस हवा. युरोपांत तेराव्या शतकाच्या अखेरीस दातेरी चक्रास पाळीपाळीनें अडविणारी व सोडणारी योजना निघाली. वजनाची ओढ एकदम मोकळी न होतां एकेका दात्यानें खर्च होऊं लागली. हा अटकाव हेंच यांत्रिक घड्याळाचें मर्म होय. पण त्यांतील डोलणाऱ्या दांडीस स्वतःचा ठेका नव्हता. ओढ वाढली कीं घड्याळ पुढें धांवे.

हायगेन्स या डच पंडितानें 1656 सालीं लंबक जोडून हा ठेका दिला. मात्र लंबकास स्थिर भिंत लागते. डोलत्या जहाजावर त्याचा भरंवसा नाहीं. म्हणून 1675 सालीं त्यानेंच तोलचक्रास वेटोळ्याची बारीक कमान लावली. ठेका आतां पृथ्वीच्या आकर्षणावर न राहतां कमानीच्या लवचिकपणांत आला. तरी चक्राचे दाते तोलचक्राच्या आंसास सतत घासतच होते. 1755 च्या सुमारास लंडनच्या टॉमस मज्जनें मध्यें एक तरफ घातली. ती तोलचक्रास क्षणभर हलकासा धक्का देते आणि दूर होते. उरलेला झोका मोकळा. सामान्य घड्याळांत असे ठोके सेकंदास 5, म्हणजे एका घटकेंत 7,200 पडतात.

विमान कलतें, उलटतें, हादरतें. तेथें पाणी सांडेल, लंबक भांबावेल; तरफेचें घड्याळ मात्र चालत राहतें. ही सुधारणा बळ वाढवून झाली नाहीं. मोजणाऱ्यास बळापासून जितकें अलिप्त ठेवलें, तितकें माप खरें ठरलें.

ओझरच्या कारागिरांनीं परक्या आराखड्यावरून विमान बांधण्याची विद्या हस्तगत केली, ही थोडी गोष्ट नव्हे. परंतु परवान्यानें आराखडा मिळतो. त्यांतील उणीव हेरण्याची दृष्टि मिळत नाहीं. हायगेन्सनें आपल्याच लंबकाची उणीव ओळखली, म्हणून तो पुढें गेला. घटिकापात्रास पहारा लागतो हें आम्हांसहि ठाऊक होतें. तरी यांत्रिक घड्याळ आमच्याकडे बाहेरूनच आलें. विमानाच्या बाबतींत तसें न व्हावें, इतकेंच आमचें सांगणें आहे.